फेरीहिलचे इंजिनघर

वाफेच्या इंजिनाची गाडी फलाटावर येऊन उभी राहिली की, मुलांची पहिली धाव इंजिनाकडे असे. धगधगणारी भट्टी, फुसफुसणारी वाफ, चकचकीत दांडे आणि खिडकीत कोपर टेकून उभा असलेला ड्रायव्हर हे सारे डोळे भरून पाहण्यासारखेच असे. परंतु हे इंजिन फलाटावर येण्यापूर्वी दहा-बारा तास कोठे होते, त्याच्या पोटात विस्तव कोणी पेटवला, त्याची राख कोणी उपसली, असा प्रश्न मात्र फारच थोड्या प्रवाशांना पडत असे. त्याचे उत्तर स्थानकापासून थोड्या अंतरावर, धुराने काळवंडलेल्या एका लांबलचक इमारतीत मिळे. रेल्वेतील माणसे तिला ‘शेड’ म्हणत. ते इंजिनांचे घर होते, त्यांचा तबेला होता आणि रुग्णालयही तेच होते.

ब्रिटन बेटाचा उत्तरेकडील भाग म्हणजे स्कॉटलंड. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर समुद्राच्या काठी अ‍ॅबर्डीन नावाचे शहर आहे. करड्या ग्रॅनाइट दगडात बांधलेल्या या शहराच्या दक्षिण बाजूस, डी नदीच्या जवळ, फेरीहिल येथे असेच एक मोठे इंजिनघर होते. अ‍ॅबर्डीन हे मासेमारीचे फार मोठे बंदर. बोटींतून उतरलेली मासळी बर्फात घालून गाडीत भरत. ती गाडी दुपारी निघे आणि रात्रभर धावून सुमारे ८४० किलोमीटरवरील लंडनच्या बाजाराकडे माल नेई. मासळीला उशीर खपत नाही, हे कोकण किनाऱ्यावरील मुलांना सांगायला नको. इंजिन वेळेवर तयार झाले नाही, तर कोळ्यांचे श्रम वाया जात. म्हणून फेरीहिलच्या शेडमध्ये दिवस-रात्र असा भेदच नव्हता. डिसेंबरात तेथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. तेव्हा वर्षातील कितीतरी काम कंदिलाच्या उजेडातच उरकावे लागे.

शेडमधील कामाचे मर्म समजण्यासाठी इंजिन कसे चालते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. इंजिनाच्या मागील भागात, ड्रायव्हरच्या समोर, अग्निपेटी असते. तिच्यातील जाळ आणि तप्त वायू अनेक लांब नळ्यांतून पुढे धुराड्याकडे जातात. या नळ्यांभोवती बॉयलरमधील पाणी असते. ते तापून त्याची वाफ होते. ही कोंडलेली वाफ सिलिंडरात जाऊन दट्ट्यांना ढकलते आणि दट्ट्यांच्या दांड्यांनी चाके फिरतात. काम करून दमलेली वाफ धुराड्यातून वर उसळते, तोच तो ‘भक् भक्’ आवाज. ही वाफ वर उसळताना नळ्यांतील वायू आपल्याबरोबर ओढून नेते. त्यामुळे अग्निपेटीत ताजी हवा शिरते आणि जाळ अधिक भडकतो. इंजिन जितके कष्ट करील तितका त्याचा विस्तव प्रखर होतो, अशी ही मोठी चतुर योजना आहे. परंतु इंजिन उभे असले म्हणजे ही ओढ थांबते. मग धूर रेंगाळू लागतो. एकाच छपराखाली वीस-पंचवीस इंजिने उभी असत, तेव्हा शेडमध्ये समोरचा माणूस दिसणेही कठीण होई, यात नवल नाही.

गार पडलेल्या इंजिनात वाफ तयार करणे हे अतिशय धीराचे काम. बॉयलर म्हणजे धातूचे पत्रे व नळ्या यांची एकत्र सांधलेली रचना. उष्णतेने धातू प्रसरण पावतो. परंतु घाईघाईने जाळ केला तर एक भाग लवकर फुगतो, दुसरा मागे राहतो, आणि सांधे गळू लागतात. म्हणून विस्तव लावणारा कामगार प्रथम थोडी लाकडे, तेलाने माखलेल्या चिंध्या किंवा शेजारच्या इंजिनातील फावडाभर निखारे आत टाकी. मग हळूहळू कोळसा चढवी आणि दुसऱ्या इंजिनाकडे वळे. सकाळी आठच्या गाडीचे मोठे इंजिन गार असले, तर त्याचा विस्तव आदल्या रात्रीच पेटलेला असे. विस्तव लावणारा माणूस रात्रभर या इंजिनावरून त्या इंजिनावर चढत-उतरत असे. प्रत्येक ठिकाणी तो विस्तवाकडे पाही, आणि त्याहून अधिक काळजीने पाण्याकडे पाही.

पाण्याची ही काळजी समजून घेण्यासारखी आहे. अग्निपेटीचे छत नेहमी पाण्याखाली बुडालेले असावे लागते. पाण्यामुळेच ते छत वितळण्यापासून वाचते. पाणी कमी होऊन छत उघडे पडले, तर धातू लाल होऊन नरम पडतो आणि वरच्या वाफेच्या दाबाने खाली फाटतो. असा स्फोट झाला तर इंजिनावरील माणसे वाचणे कठीण. यासाठी ड्रायव्हरच्या समोर काचेची एक उभी नळी असते. तिच्यात बॉयलरमधील पाण्याची पातळी दिसते. आणखी एक युक्ती छतातच केलेली असते. तेथे पितळी बूच बसवून त्याच्या मधोमध शिसे भरतात. पाणी फार खाली गेले, तर छत वितळण्याआधी हे शिसे वितळते आणि त्या भोकातून वाफ विस्तवावर फुत्कारत येते. ती धोक्याची सूचना होय. शिसे लवकर वितळते, हा साधा गुणधर्म येथे माणसांचे प्राण राखतो.

पाण्याचा दुसरा त्रास सावकाश होणारा. घरातील पाणी तापवण्याच्या भांड्यात जसा पांढरा थर साचतो, तसाच तो बॉयलरमध्येही साचतो. थर साचला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कोळसा अधिक जळतो आणि पत्रे करपतात. स्कॉटलंडमधील पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असल्याने तेथे हा थर कमी साचे. तरीही ठरावीक दिवसांनी प्रत्येक इंजिन बॉयलर धुण्यासाठी थांबवावेच लागे. त्यासाठी आधी ते सावकाश निववीत, मग बुचे काढून जोराच्या पाण्याने आणि लांब सळयांनी गाळ बाहेर काढीत. त्याच वेळी नळ्या झाडून काजळी काढली जाई. एखादा सडपातळ कामगार अग्निपेटीच्या लहानशा दारातून आत शिरून तेथील विटांची कमान दुरुस्त करी. आत उभे राहण्यापुरती जागा असे. पण बाहेर आल्यावर त्याचे फक्त डोळेच ओळखू येत.

प्रवास संपवून परत आलेल्या इंजिनाचे स्वागत राखेच्या खड्ड्यावर होई. रुळांच्या मधोमध खोदलेल्या या खड्ड्यात उतरून कामगार इंजिनाखालची राख ओढीत. अग्निपेटीत कोळशातील दगडमाती वितळून तिचे घट्ट, काचेसारखे गोळे होत. ते लांब दांड्यांच्या अवजारांनी फोडून बाहेर काढावे लागत. दांडे इतके तापत की, हाताला फडके गुंडाळल्याशिवाय धरता येत नसत. धुराड्याखालच्या पेटीतील राख फावड्याने उपसताना समुद्रावरचा वारा ती परत तोंडावर उडवी. शेडमधील कामांमध्ये हे काम सर्वांत कष्टाचे. आणि खरे सांगायचे तर, त्याची कदर सर्वांत कमी होती.

यानंतर कोळसा आणि पाणी घ्यायचे, चाके ओल्या रुळांवर घसरू नयेत म्हणून डब्यांत कोरडी वाळू भरायची. ही वाळू शेडमधल्याच एका भट्टीवर भाजून सुकवीत. कडाक्याच्या थंडीत पाण्याचा उंच नळ गोठून जाई. म्हणून त्याच्या बुडाशी कोळशाची शेगडी रात्रभर पेटती ठेवीत. पाण्यासाठी विस्तव आणि विस्तवासाठी पाणी असा हा संसार होता! शेवटी इंजिनाचे तोंड फिरवायचे. त्यासाठी वर्तुळाकार खड्ड्यात रुळांचा एक फिरता पूल असतो. इंजिन त्याच्यावर अगदी समतोल उभे केले, तर शंभर-दीडशे टनांचे धूड दोन माणसांच्या ढकलण्यानेही फिरते. हे पाहणाऱ्यास जादू वाटे, पण ते यंत्रशास्त्र होते. ड्रायव्हरने इंजिन हातभर पुढे-मागे उभे केले, तर मात्र तीच दोन माणसे कितीही जोर लावोत, पूल हलत नसे.

या शेडमध्ये पंधरा-सोळा वर्षांची मुले कामाला लागत. त्यांचे पहिले काम म्हणजे इंजिने पुसणे. हातात तेलाने भिजवलेल्या सुताच्या गुंड्या घेऊन ती चाके, दांडे, बॉयलर घासत. यात केवळ शोभेचा हेतू नव्हता. तेलकट मळ निघाला की धातूला गेलेली बारीकशी चीर दिसे आणि मोठा अपघात टळे. शिवाय पुसता पुसता मुलाला प्रत्येक भागाचे नाव व जागा पाठ होई. काही मुलांना रात्री-अपरात्री आणखी एक काम असे. ज्या ड्रायव्हर-फायरमनची पहाटे पाळी असेल, त्यांच्या घरी जाऊन दार ठोठवायचे आणि ते जागे झाले याची खात्री करून घ्यायची.

पुसणाऱ्याचा फायरमन होई, आणि फायरमनचा ड्रायव्हर. हे वाचायला सोपे आहे; पण यात बहुधा वीस-वीस वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ जाई. कारण वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालच्यास बढती नसे. या वाटचालीतील शिक्षणाची रीत मोठी लक्षणीय होती. रेल्वेचे कामगार आपणच वर्ग चालवीत. सुटीच्या दिवशी एखाद्या खोलीत जमून जुने ड्रायव्हर तरुणांना वाफेची झडप कशी उघडते-मिटते, ब्रेक कसा चालतो, वाटेत एखादा भाग मोडला तर गाडी घरी कशी आणावी, हे लाकडी नमुन्यांवरून समजावून देत. शिकवणाऱ्यास वेतन नाही, शिकणाऱ्यावर सक्ती नाही. शाळा लवकर सोडावी लागलेली कितीतरी माणसे या वर्गांतून यंत्रविद्येत पारंगत झाली. ड्रायव्हरची परीक्षा मात्र कडक असे. यंत्राच्या ज्ञानाबरोबरच त्याला मार्गही पाठ असावा लागे. कोणता चढ कोठे सुरू होतो, कोणता सिग्नल कोणत्या वळणामागे दडला आहे, हे धुक्यातल्या काळ्या रात्रीही त्याला ठाऊक असले पाहिजे. एखादा मार्ग आपल्याला येतो, असे तो सही करून सांगे, तेव्हाच त्या मार्गावर त्याला गाडी मिळे.

फेरीहिलच्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल काळ आला तो अगदी शेवटी. सर नायजेल ग्रेसली या अभियंत्याने १९३५ साली ‘ए-४’ नावाची वेगवान इंजिने निर्माण केली होती. हा अभियंता १८७६ साली स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोत जन्मला. या इंजिनांचे तोंड वारा कापण्यासाठी उतरते केलेले होते. टेंडरसह त्यांची लांबी सुमारे साडेएकवीस मीटर आणि वजन १६० टनांहून अधिक होते. मोठ्या चाकांची उंची दोन मीटरांहून थोडी जास्त. आणि बॉयलरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेसतरा किलोग्रॅम इतका दाब. अशी एकूण ३५ इंजिने बांधली गेली. त्यांपैकी ‘मॅलर्ड’ या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक उच्चांक आजही मोडलेला नाही.

ही इंजिने प्रथम लंडन-एडिंबरो मार्गावर धावत. त्यांपैकी पाच इंजिनांना १९३७ साली ब्रिटिश साम्राज्यातील देशांची नावे देण्यात आली. एकाचे नाव होते ‘एम्पायर ऑफ इंडिया’. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, ते साम्राज्य ओसरले. पण इंजिनाच्या अंगावरील नाव मात्र तसेच राहिले.

१९६१ च्या सुमारास लंडन मार्गावर बलाढ्य डिझेल इंजिने आली आणि ए-४ इंजिनांना काम उरले नाही. ती भंगारात जाणार, असे सर्वांना वाटले. इकडे ग्लासगो आणि अ‍ॅबर्डीन या दोन शहरांमधील सुमारे २४६ किलोमीटरचे अंतर तीन तासांत तोडणाऱ्या गाड्या सुरू करायच्या होत्या. त्या काळी स्कॉटलंडमध्ये आणलेली काही नवी डिझेल इंजिने वरचेवर बंद पडत. तेव्हा जुन्यांनाच हाक मारण्यात आली. १९६२ पासून ए-४ इंजिने एकामागून एक फेरीहिलच्या शेडमध्ये येऊ लागली. ‘एम्पायर ऑफ इंडिया’ही त्यांत होते. प्रत्येकाच्या दर्शनी भागावर ‘६१-बी’ अशी लहानशी पाटी लागली. ती फेरीहिल शेडची खूण होय.

मग चार वर्षे ही इंजिने स्टर्लिंग, पर्थ, फॉरफर अशा मार्गाने तीन तासांच्या गाड्या ओढीत राहिली. एका फेरीत अडीच-तीन टन कोळसा जळत असावा. तो सारा फायरमन हातातील फावड्याने डुलत्या इंजिनावर उभा राहून आत टाकी. एका फावड्यात पाच किलो कोळसा धरला, तरी हा हिशेब पाचशे-सहाशे फावड्यांचा होतो; आणि तो कोठेही फेकून चालत नसे, जाळ जेथे पातळ झाला असेल तेथेच पडला पाहिजे. इंजिने वयाने पंचवीस वर्षांवरची, रंग विटलेला, सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण. तरीही गाड्या वेळेवर जात, याचे श्रेय रुळांवरील दोघांइतकेच राखेच्या खड्ड्यातील, बॉयलर धुणाऱ्या आणि विस्तव राखणाऱ्या माणसांनाही आहे.

या माणसांना आपले इंजिन जाणार, हे ठाऊक होते. १९५५ सालीच ब्रिटनच्या रेल्वेने वाफेची इंजिने काढून टाकण्याची योजना जाहीर केली होती. डिझेल इंजिन कळ दाबताच सुरू होते. त्याला राख नाही, बॉयलर धुणे नाही, रात्रभर विस्तव राखणे नाही. दहा माणसांचे काम दोघांवर येते. धुरात खोकणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा बदल वाईट नव्हता. तरुणांनी डिझेलचे शिक्षण घेतले आणि ते स्वच्छ खोलीत बसून गाडी चालवू लागले. परंतु ज्याने तीस वर्षे वाफेच्या आवाजावरून इंजिनाची प्रकृती ओळखली, किंवा ज्याला फक्त विस्तवच लावता येत होता, त्याची विद्या एका दिवसात निरुपयोगी झाली. कित्येक शेड बंद पडल्या आणि अनेकांना दुसरे काम शोधावे लागले.

ग्लासगो शहरावरही हीच वेळ आली. तेथील स्प्रिंगबर्न भागातील ‘नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह’ या कंपनीने जगभर हजारो इंजिने पाठवली होती. तयार इंजिन शहराच्या रस्त्यांवरून ओढीत बंदरावर नेत आणि प्रचंड यारीने उचलून जहाजात ठेवीत. १९५० च्या सुमारास भारतीय रेल्वेच्या मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी वर्गाची इंजिने बांधणाऱ्यांत ही कंपनी होती. वाफेचे युग सरत आले, डिझेलमध्ये तिचा जम बसला नाही, आणि १९६२ साली ती बंद झाली.

‘एम्पायर ऑफ इंडिया’ १९६४ साली सेवेतून काढले गेले आणि पुढे मोडीत निघाले. सप्टेंबर १९६६ मध्ये तीन तासांच्या गाड्यांवरील ए-४ इंजिनांची सेवा संपली. १९६७ साली स्कॉटलंडमधील आणि ऑगस्ट १९६८ मध्ये साऱ्या ब्रिटनमधील मुख्य रेल्वेवरून वाफेची नित्य वाहतूक थांबली. फॉरफरवरून जाणारा तो सपाट, वेगाचा मार्गही १९६७ सालीच बंद झाला.

एकूण ३५ ए-४ इंजिनांपैकी सहा जतन झाली आहेत. त्यांतील चार, म्हणजे ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’, ‘सर नायजेल ग्रेसली’, ‘बिटर्न’ आणि ‘डोमिनियन ऑफ कॅनडा’, फेरीहिलच्या शेडमध्ये राहिलेली आहेत. शेवटचे आता समुद्रापलीकडे कॅनडातील संग्रहालयात आहे. फेरीहिल येथील तो फिरता पूल रेल्वेप्रेमी मंडळींनी दुरुस्त करून राखला आहे. ‘सर नायजेल ग्रेसली’ हे इंजिन मोठी दुरुस्ती होऊन २०२२ साली पुन्हा मुख्य मार्गावर आले. त्याची गाडी सकाळी निघायची असली, तर आजही कोणीतरी आदल्या दिवशीच त्याच्या अग्निपेटीत लाकडे रचतो, चिंध्या पेटवून आत टाकतो आणि काचेच्या नळीतील पाण्यावर नजर ठेवून बसतो.